मदत हवी आहे: बूस्टर काढलेल्या काँटेसाला मास्टर सिलिंडर कितीचा?

मंडळी, १.८ इसुझू इंजिनाची जुनी काँटेसा फोंड्याला घरामागच्या शेडमध्ये ड्रॅग रेससाठी (४०२ मीटरची सरळ धाव) तयार करतोय. (रस्त्यावर नाही पळवत, आधीच सांगतो.) पळते झकास, घोडं अडलंय थांबण्यावर.

पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिनाचा कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) बदलल्यापासून व्हॅक्यूम इतका पडला की त्यावर चालणारा, पायाला जोर देणारा बूस्टर नावालाच उरला, म्हणून काढून टाकला. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल ढकलतो तो) मात्र तोच, एक इंच बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा. आता पेडल म्हणजे दगड. ४०२ मीटर संपले की मी अक्षरशः ब्रेकवर उभा राहतो.

मेकॅनिक म्हणतो, "पात्रांव, आनी व्हडलो घाल" (आणखी मोठा घाल). पण बोअर वाढवला तर त्याच पायाला प्रेशर उलट कमीच मिळणार ना? एक इंची पिस्टनचं क्षेत्रफळ ५०७ चौ. मिमी, ७/८ चं ३८८, पाऊण इंचाचं २८५. म्हणजे ७/८ ला सुमारे ३१ टक्के जास्त प्रेशर.

पेडलही पट्टी लावून मोजलं. पिव्हटपासून पायापर्यंत २८० मिमी, पुशरॉडच्या (पेडलचा जोर सिलिंडरला देणारा दांडा) भोकापर्यंत ७०. म्हणजे ४:१. बिनबूस्टरला ६:१ च्या आसपास हवं, त्यासाठी भोक २३ मिमी वर न्यावं लागेल. कुंडईचा लेथवाला तयार आहे, पण मग पुशरॉड तिरका बसेल. शिवाय ७/८ आणि भोक दोन्ही केलं तर जोर जवळपास दुप्पट, पण पेडलही दुप्पट खाली: आज ४८ मिमीवर लागतं ते ९४ वर. पाऊण इंच घालून पेडलला हातच न लावणं बरं का?

प्रतिसाद:
पाऊण इंच नको. आज पिस्टन १२ मिमी सरकतो, तेवढंच ऑईल ढकलायला तो २१ मिमी सरकावा लागेल. टँडम (एकामागे एक दोन पिस्टनवाल्या) सिलिंडरला एवढा स्ट्रोक पुरेलच असं नाही. ७/८ घे, आणि भोकाबरोबर सिलिंडरही फायरवॉलवर वर घे, म्हणजे रॉड सरळ राहील. चारही ड्रमवाल्या गाडीचा सिलिंडर उचलू नकोस, त्यात रेसिड्युअल व्हॉल्व (लाईनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा) असला तर पुढचे पॅड घासत राहतील. आणि दादा, मागचे शू शेवटचे कधी ॲडजस्ट केलेस? पेडल तिथेच वाया जातं.

धागाकर्ता:
आत्ताच ड्रम उघडले. डावा ॲडजस्टर पावसाळ्यात गंजून पार बसलाय. संध्याकाळपासून डिझेल मारून ठेवलंय, अजून हलत नाही.