इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला कोण कोण जाऊन आलंय?

निवडुंग: काल लोणच्याची बरणी हातातून सुटली. तुकडे वेचता वेचता एकदम कोम अल शुकाफा आठवलं. नावाचा अर्थच 'खापरांचा ढीग'. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली भुयारी थडगी. गोल जिना, मधे विहिरीसारखा खड्डा, त्यातून प्रेतं दोरीने खाली सोडायचे. खाली दगडात कोरलेले ओटे, त्यावर बसून नातलग गेलेल्याच्या नावाने जेवायचे. ताटवाट्या घरी परत न्यायच्या नाहीत, तिथेच फोडायच्या. हे म्हणाले, "वा, घासायची कटकट नाही!" मी हसले. गाइड विचारतोय काय म्हणाले, काय सांगणार? तुमचेही अनुभव लिहा.

ताकपिठलं: गाढवाला विसरलात! १९०० साली गाढव आत पडलं म्हणून जागा सापडली म्हणतात. श्रेय कुणाला, तर पुरातत्त्ववाल्यांना.

गुडघेदुखी: ९९ पायऱ्या. एवढंच लिहिते.

बोरूबहाद्दर: तिथला अनुबिस, मृतांचा इजिप्शियन देव, बघितला का? तोंड कोल्ह्याचं, अंगात रोमन शिपायाचं चिलखत. मला जेजुरीच्या गर्दीत सूटबूट घालून आलेले आमचे काका आठवले.

निवडुंग: 😂😂

सारंगा: तिथल्या पॉम्पेच्या खांबाचा पॉम्पे या रोमन सेनापतीशी काही संबंध नाही, तो डायोक्लेशियन बादशहासाठी उभारलेला. अस्वानचा लाल ग्रॅनाइट, साधारण २७ मीटर. फोटोत मी मुंगीएवढी, म्हणून तो फोटो मला आवडतो.

खारेदाणे: मी दीपगृह बघायचं म्हणून हटून बसलेलो. टॅक्सीवाल्याने कायतबेच्या किल्ल्यापाशी उतरवलं. दीपगृह भूकंपांनी कधीच पडलंय, त्याच जागी १४७७ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं. समुद्राचा वारा असा की बायकोची ओढणी गेली ती गेलीच. आम्ही मुरुडचे, आम्हाला वाऱ्याचं कौतुक नाही, पण ओढणी नवी होती.

सारंगा: २००२ मध्ये उघडलेल्या नव्या ग्रंथालयाच्या बाहेरच्या भिंतीवर जगभरच्या लिप्यांतली अक्षरं कोरलीत. लेक पाऊण तास 'ळ' शोधत होती.

ताकपिठलं: सापडला?

गुडघेदुखी: कुकर झाला, नंतर वाचते. तिकडे सकाळी 'फूल' नावाचा कडधान्याचा पदार्थ खाल्ला का कुणी? आपल्या वालाच्या उसळीची मोठी बहीण. वर लिंबू, जिरं. आमचा डबा तसाच परत आला.

बोरूबहाद्दर: धागाकर्ती, लोणचं कसलं होतं?

निवडुंग: कैरीचं. बरणी आजेसासूबाईंची. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुकडे कुंडीच्या तळाशी घातलेत.