थंडीत गच्चीवरून पोरांना काय काय दाखवलंत? अनुभव लिहा

थंडी पडली (म्हणजे आपल्या ठाण्याची, स्वेटर कपाटातून निघून दोन दिवसांत परत आत जातो तेवढी) आणि लेकाने दुर्बिणीचा हट्ट धरलाय. वय ९. घोडबंदर रोडला राहतो, समोरच्या टॉवरचे लाईट रात्रभर ढणढणीत. इथून काही दिसतं तरी का? तारे असोत नाहीतर घरचे प्रयोग, काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

*

दुर्बीण घेऊ नका!! आम्ही ऑनलाईन मागवली, खोक्यावर कितीतरी पट मोठं दिसेल असं छापलेलं, आणि स्टँड असा लटपटा की चंद्र यायचा आणि कोणी शिंकलं की जायचा. आता माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी. मग दिराची साधी बायनॉक्युलर आणली, १० बाय ५० वाली, म्हणजे १० पट मोठं दाखवते आणि पुढचं भिंग ५० मिमीचं. हातात थरथरते म्हणून कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरू बघितला तर लेक म्हणाली, आई, काचेवर धूळ आहे. पुसली, तरी ठिपके तिथेच, गुरूच्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. वहीत काढून ठेवायला लावले. दुसऱ्या रात्री एका बाजूला तीन आणि पलीकडे काहीच नाही, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. गॅलिलिओला १६१० मध्ये दिसलेले चंद्र हेच. ते चार आहेत, एखादा गुरूच्या मागेपुढे लपतो.

*

नेरूळ. नुसत्या डोळ्यांनीही बरंच दिसतं हो. सासूबाईंनी नातवाला मृगाचा बाण दाखवला, एका ओळीतले तीन तारे, तीच ओळ खाली ओढत नेली की व्याध, वर नेली की रोहिणी आणि अजून पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका मला चार दिसतात, नातवाला सहा, सासूबाई सातावर ठाम. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय त्यांचं 😄

*

तारे आमच्या नशिबात नाहीत, गच्चीला कुलूप. म्हणून खोबरेल तेल. ते साधारण २४-२५ अंशांना थिजतं, त्यामुळे सकाळी बाटलीत पांढरं असतं आणि दुपारी परत पाणी. धाकटीला नक्की कधी थिजतं ते मोजायचं होतं, तिने माझं तापाचं थर्मामीटर तेलात खुपसलं आणि ते नुसतं 'लो' दाखवत बसलं. ते ३२च्या खाली मोजतच नाही हे मला चाळिशीत कळलं. थर्मामीटरला अजून खोबरेलाचा वास येतो.

*

ऐरोली. २२ डिसेंबरच्या आसपास एक मीटरची काठी उभी करून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. मुलगा म्हणत होता सगळ्यात छोटी सावली बाराला पडणार, पडली साडेबारा उलटून गेल्यावर, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण राहतो ७३वर, प्रत्येक अंशाला ४ मिनिटं. तेव्हाही सावली ९० सेंटीमीटरच्या वर होती. मे महिन्याच्या मध्यात हीच काठी पुन्हा लावा, दुपारी सावली नाहीशी होते.

*

वांगणी वांगणी वांगणी. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम असतात तिथे, कर्जत लोकल पकडायची. आम्ही २०२३ ला मात्र आपले आपण मुरबाडकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो, १३ डिसेंबरच्या रात्री, अमावस्या नुकतीच झालेली, त्यामुळे मिथुनेतल्या उल्का मस्त दिसल्या. उल्कावर्षाव बहुतेक धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. सतरंजी, कानटोपी, थर्मासात चहा, आणि मोबाईल बंद, कारण डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकाने व्हॉट्सॲप उघडलं की सगळ्यांची वाट. एकोणीस मोजल्या. लेक तिसरीलाच झोपली आणि सकाळी भोंगा पसरला, उठवलं का नाही म्हणून. तो राग अजून गेलेला नाही.

येऊरला रात्री जाऊ नका बरं, बिबट्यांचं जंगल आहे ते.

*

धागा काढणारी मीच परत. दुर्बीण रद्द, बायनॉक्युलर शोधतेय. काल सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मिळाली, साडेनऊपर्यंतच. बाण दिसला, तिन्ही तारे! ओळ खाली ओढली तर व्याध नेमका समोरच्या टॉवरमागे. लेक म्हणाला थांबू ना, सरकेल तो. सव्वानऊला टॉवरच्या कडेशी काहीतरी लुकलुकायला लागलं आणि तेवढ्यात वॉचमन किल्ली मागायला वर आला. आता तिघंही कठड्याला टेकून उभे.