जबाब, खुलासा, कबुली, बनाव: घरातल्या खुनात आरोपीचं म्हणणं कुठल्या शब्दात मांडायचं?

अनुस्वार
घरातल्या घरात खून झाला आणि संशय घरच्याच माणसावर आला, की बातमीत त्याच्या बोलण्याला किती नावं पडतात पाहा. पहिल्या परिच्छेदात तो ‘जबाब’ देतो, दुसऱ्यात ‘खुलासा’ करतो, मथळ्यात ‘कबुली’ असते आणि शेवटी ‘बनाव उघडकीस’ येतो. माणूस तोच, बोलणंही तेच. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘संशयित आरोपी’ हे काय आहे? एक माणूस एकाच वेळी दोन्ही कसा?

लेखनिक
चालत नाहीत. सत्र न्यायालयात साक्षी टंकलिखित करण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘जबाब’ म्हणजे विचारल्यावर दिलेलं उत्तर. पोलीस ठाण्यातला जबाब ठरावीक साच्याने सुरू होतो: ‘समक्ष विचारलेवरून जबाब देतो की...’ आणि संपतो तोही ठरावीक: ‘माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून तो बरोबर व खरा आहे.’ यातला ‘विचारलेवरून’ नीट वाचा. विचारलं काय, ते कागदावर कुठेच नसतं. प्रश्न गाळून उत्तरं सलग लिहिली जातात, त्यामुळे माणूस आपणहून गोष्ट सांगत सुटला आहे असं वाटतं. जबाबात ‘मी रात्री मागचे दार लावले नव्हते’ असं वाक्य असलं, तर ते ‘दार लावलं होतं का?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर आहे, की त्याने न विचारता आधीच पुढे केलेली सबब, हे कागद सांगत नाही. घरातल्या खुनात अख्खा खटला कधी कधी त्या दारावरच उभा असतो.

म्हणून पोलिसांसमोरच्या जबाबाला कायद्यानेच आखडून ठेवलंय. त्यावर सही घ्यायची नसते. न्यायालयात त्याचा मुख्य उपयोग साक्षीदाराला ‘तेव्हा तुम्ही असं बोलला होता’ म्हणून खोडून काढण्यापुरता.

‘कबुली’ त्याहून पुढची गोष्ट. आरोपीने पोलिसाजवळ दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध शाबीत करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं हे कलम २५, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. कबुलीला वजन यायचं तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, ‘कबुली देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, दिलीत तर तुमच्याविरुद्ध वापरली जाईल’ अशी समज दिल्यानंतर झालेली लागते. त्यालाच ‘कबुलीजबाब’ म्हणावं. ‘पोलिसी खाक्या दाखवताच कबुली’ हे वाक्य आपण लहानपणापासून वाचतो आहोत. न्यायालयाच्या हिशेबी त्यात शिल्लक राहण्यासारखं एकच असतं, आरोपीने दाखवून दिलेली वस्तू. त्याचा ‘निवेदन पंचनामा’ होतो: ‘मी कोयता लपवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला.’ वस्तू सापडली तर तिच्याशी थेट निगडित तेवढंच वाक्य ग्राह्य, बाकीचं नाही.

‘संशयित आरोपी’ हा शब्द बातमीदारांनी सावधगिरीपोटी घडवला असावा. पण सावधगिरीला ‘संशयित’ एकटाच पुरतो. गुन्हा दाखल होऊन नाव आलं की ‘आरोपी’, आणि त्यातही आरोप फक्त ठेवलेला असतो, सिद्ध झालेला नसतो. दोन्ही जोडले की वाचकाच्या डोक्यात ‘आरोपी’ तेवढा उरतो.

वार्ताहर
बातमी रात्री अकराला येते, पान साडेअकराला सुटतं. तरी ‘कबुली’चं मान्य, तिथे हात आखडता घ्यायला हवा. ‘खुलासा’ मात्र का वगळायचा? रूढ आहे, सोपा आहे.

लेखनिक
वगळू नका, मराठी अर्थाने वापरा एवढंच म्हणणं आहे. कचेरीत ‘कारणे दाखवा’ नोटीस आली की माणूस लेखी खुलासा देतो. म्हणजे स्वतःच्या बाजूचं स्पष्टीकरण. हिंदी वाहिन्यांवर ‘खुलासा’ म्हणजे झाकलेलं उघडं पडणं, आणि तो अर्थ आता आपल्या पडद्यांवरच्या पट्ट्यांत उतरलाय: ‘पत्नीच्या मृत्यूप्रकरणी पतीचा धक्कादायक खुलासा’. जुन्या वळणाचा वाचक समजतो, नवऱ्याने आपली बाजू मांडली. नवा वाचक समजतो, त्याने केलं ते ओकलं. जिथे माणसाची जन्मठेप आणि सुटका यांचा प्रश्न आहे, तिथे एका शब्दाची अशी दोन विरुद्ध तोंडं असणं मला फार धोक्याचं वाटतं.

‘बनाव’ तर निकालच आहे. ‘आत्महत्येचा बनाव’ लिहिलं की ती आत्महत्या नव्हती हे ठरून गेलं. पोलिसांचं तसं म्हणणं असेल तर ‘बनाव केल्याचा पोलिसांचा आरोप’ असं लिहा. शब्द चार वाढतील, ते वाढू द्यावेत.

दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपलं म्हणणं मांडतो त्याला ‘कैफियत’ म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो, पण फौजदारीत तो नाही. तिथे सगळा पुरावा संपल्यावर न्यायाधीश स्वतः आरोपीला एकेक गोष्ट विचारतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ वरून वर्षानुवर्षं त्याला ‘तीनशे तेराचा जबाब’ म्हणत आले, नव्या संहितेत तेच कलम ३५१ झालंय. इथे मात्र प्रश्न कागदावर येतो: ‘साक्षीदार क्रमांक ४ यांच्या पुराव्यात असे आले आहे की त्या रात्री तुम्ही घरी होता. त्याबाबत तुमचे काय म्हणणे आहे?’ शपथ नाही, उलटतपासणी नाही. उत्तर बहुधा दोनच शब्दांचं असतं: ‘खोटे आहे.’ कधी ‘माहीत नाही.’

परभणीकर
तुमचं सगळं आरोपीच्या बाजूनं चाललंय असं वाटतंय, राग मानू नका. दार आतून बंद, घरात नवरा-बायको दोघंच, सकाळी ती मेलेली. आता तो नाही सांगणार तर कोण सांगणार? आपल्याकडं त्याला ‘जबाबदार’ म्हणतात. त्या शब्दातच ‘जबाब’ बसलाय की. उत्तर द्यायला बांधलेला तो जबाबदार.

लेखनिक
राग कसला. तुम्ही चर्चेच्या मुळाशी आणलंत. ‘जाब विचारणे’ यातला ‘जाब’ही त्याच घरचा. पण रोजच्या मराठीत ‘जबाबदार’चे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेत: उत्तर द्यायला बांधलेला, आणि दोषी. ‘मृत्यूला जबाबदार कोण’ असं विचारताना आपल्याला दुसराच अर्थ हवा असतो. घरातल्या खुनाच्या खटल्यात वाद होतो तो नेमका या दोन अर्थांमधल्या अंतरावर.

जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६, आता १०९, सांगतं की एखादी गोष्ट एखाद्याला ‘विशेषतः’ ठाऊक असेल तर ती शाबीत करायचा भार त्याच्यावर. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली शंभूनाथ मेहरा प्रकरणात या ‘विशेषतः’वर बोट ठेवलं. प्रकरण खुनाचं नव्हतं, प्रवासभत्त्याचं होतं, पण दाखला खुनाचाच दिला: हे कलम सैल वाचलं, तर खुनाच्या प्रत्येक खटल्यात ‘तू खून केला नाहीस हे तूच शाबीत कर’ म्हणता येईल, कारण केला की नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार!

तुमची बाजूही त्याच न्यायालयाने उचलून धरली आहे. २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटलंय की घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडला की बाहेरचा साक्षीदार मिळणं कठीण, तेव्हा घरच्या माणसाने पटेल असा खुलासा द्यायला हवा. तिथे सासरच्यांचं म्हणणं होतं की सुनेला साप चावला. शवविच्छेदनात निघालं गळा आवळल्याचं. असा खोटा खुलासा पुराव्याच्या साखळीत आणखी एक दुवा होतो, असं न्यायालयाने मानलं. मला तो निकाल योग्यच वाटतो.

आता त्याच्या शेजारी पुण्याचा सारडा खटला ठेवा. लग्नाला चारच महिने झालेली बाई जून १९८२ मध्ये पोटॅशियम सायनाइडने गेली. संशय नवऱ्यावर. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तिच्या पत्रांतून मन किती खचलं होतं ते दिसत होतं, आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती. न्या. फझल अली यांनी परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घातल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. आपल्या चर्चेच्या कामाच्या दोन गोष्टी त्याच निकालात आहेत. एक, आरोपीचं म्हणणं खोटं ठरलं म्हणून साखळीतली तुटलेली कडी जुळत नाही. बाकीची साखळी आधी सरकार पक्षाने पुरी करायची, मगच त्या खोटेपणाचा दुवा तिला जोडता येतो. दोन, जी गोष्ट ३१३ च्या जबाबात आरोपीला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध विचारात घ्यायची नाही. म्हणजे ज्याचा जाब विचारला नाही, त्याचा दोष लावायचा नाही.

तेव्हा परभणीकर, नवरा जबाब द्यायला बांधलेला असू शकतो. त्याचा जबाब पटला नाही एवढ्यावरून तो खुनी ठरत नाही. माणसं घाबरून खोटं बोलतात, अब्रूसाठी बोलतात, घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचवायलाही बोलतात.

वार्ताहर
नोएडाचं आरुषी प्रकरण याच गटातलं ना?

लेखनिक
हो, आणि फार जीव तुटावा असं. मे २००८. घरात त्या रात्री चौघं: आई, वडील, तेरा वर्षांची मुलगी आणि घरकामाचा हेमराज. सकाळी मुलगी मेलेली सापडली, हेमराज दिसेना म्हणून तोच खुनी ठरला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत गच्चीवर मिळालं. नेपाळहून पोट भरायला आलेल्या, स्वतःच खून झालेल्या माणसाला देशाने एक अख्खा दिवस खुनी म्हटलं. ‘संशयित’ हा शब्द तेव्हा कुणाला आठवला नाही.

मग वडिलांना अटक, मग तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, मग तीन नोकरांवर संशय, मग पुन्हा आईवडिलांवर. २०१० च्या अखेरीस त्याच विभागाने पुरावा पुरेसा नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. न्यायालयाने तो नाकारून आईवडिलांवरच खटला चालवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये जन्मठेप, १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयातून सुटका. ‘चौघांपैकी दोघे मेले, उरलेल्या दोघांनी सांगावं’ हाच आईवडिलांविरुद्धचा मुख्य मुद्दा होता. बाहेरचं कुणी घरात येऊच शकत नव्हतं हे सरकार पक्षाला आधी शाबीत करता आलं नाही, म्हणून उच्च न्यायालयात तो टिकला नाही.

त्या खटल्यातलं एक वाक्य मी विसरू शकत नाही. त्या सकाळी दाराशी आलेल्या कामवाल्या बाई साक्षीत सरळ म्हणाल्या की मला जे समजावून सांगितलंय, तेच बयान मी इथे देते आहे. मराठी कोर्टात अशा साक्षीदाराला ‘पढवलेला’ म्हणतात. तो ‘फितूर’च्या उलट. फितूर झालेला आपला आधीचा जबाब सोडतो, पढवलेला दुसऱ्याचा जबाब बोलतो.

अनुस्वार
एक व्याकरणाचा मुद्दा आठवला. ‘तो रात्रभर झोपला होता म्हणे.’ या ‘म्हणे’त ऐकीव माहिती आहेच, पण अविश्वासही आहे. बोलण्यात ठीक, पण आरोपीचं म्हणणं लिहिताना ‘म्हणे’ आला की लिहिणाऱ्याने मान हलवलीच. ‘दावा केला’लाही आता तोच वास येतो. ‘असं त्याचं म्हणणं आहे’ हे मला सगळ्यांत सरळ वाटतं.

लेखनिक
अगदी. न्यायालयाच्या मराठीतही ‘म्हणणे’च आहे: ‘म्हणणे सादर करावे’. क्रियापदांतही हेच. ‘खून केला असावा’ आणि ‘खून केलाच असला पाहिजे’ यांत किती अंतर आहे, हे शिवाजी बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलंय: एकीकडे धूसर तर्क, दुसरीकडे खात्रीचा निष्कर्ष, आणि मधली वाट लांबची. सारडा निकालात तेच पुन्हा आधाराला घेतलंय. आपल्या भाषेला ‘असावा’ आयता मिळालाय, तो बातमीत भरपूर वापरावा.

परभणीकर
पटलं. ‘जबाबदार’ बोलताना आता जीभ अडखळणार. पण सुटल्यावर काय म्हणायचं? कुणी ‘निर्दोष’ लिहितं, कुणी ‘संशयाचा फायदा’, कुणी ‘दोषमुक्त’.

लेखनिक
‘दोषमुक्त’ वेगळं. आरोप निश्चित होण्याआधीच नाव वगळलं जातं ते. त्यासाठी दोषमुक्तीचा अर्ज करतात. खटला पुरा चालून सुटला तर ‘निर्दोष मुक्तता’. ‘संशयाचा फायदा देऊन’ असं निकालपत्रात असेल तर लिहावं, नसेल तर आपल्या पदरचं घालू नये, कारण लोक त्याचा अर्थ ‘केलं होतं, पण सुटला’ असाच घेतात. सारडा असो की नोएडा, बातमीत ‘निर्दोष मुक्तता’ हेच बरोबर. आणि वरच्या न्यायालयात अपील झालं असेल, तर तेही त्याच वाक्यात.