बी.एस्सी. कृषीनंतर टोकियोत मास्टर्स : सातबारा आहे, आयटी रिटर्न नाही

बेंबळाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. (कृषी), चार वर्षांची, ८.१ सीजीपीए. मृदशास्त्रात पुढं जायचं म्हणतो. टोकियो किंवा आसपास इंग्रजीतून होणारं दोन वर्षांचं मास्टर्स पाहून ठेवलं आहे. जपानी येत नाही. प्रवर्ग ओबीसी.

घरी बाभूळगाव तालुक्यात साडेसात एकर, कापूस-तूर-सोयाबीन. सातबारा बाबांच्या नावावर, गावठाणात पक्कं घर, पीककर्ज चालू. रिटर्न कोणी कधी भरला नाही. एका एजंटनं "सोळा लाखांत सगळं, व्हिसाची गॅरंटी" असं सांगितलं आहे. खरा खर्च किती, सुरुवात कुठून करायची आणि शेतीवर बँक कर्ज देते का, तेवढं सांगजा राजेहो.

अकोटफाईल

एजंटला लांबूनच रामराम करा. व्हिसा वकिलात देते, त्याची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. आणि मास्टर्सचा प्रवेश प्राध्यापकाच्या होकारावर फिरतो, तिथं एजंटला कामच नाही.

पात्रता आधी. जपानी मास्टर्सला एकूण १६ वर्षांचं शिक्षण लागतं. बारा अधिक चार, म्हणजे कृषीवाला सरळ पात्र. (तीन वर्षांची साधी बी.एस्सी. झालेले कोणी वाचत असतील तर थांबा. तुमची १५ भरतात. विद्यापीठ आधी वेगळी पात्रता तपासणी करतं आणि तिची मुदत मुख्य अर्जाच्या आधी संपते. दरवर्षी यात पोरं अडकतात.)

आता प्राध्यापक. विद्यापीठाच्या नावावरून नाही, प्रयोगशाळेच्या पानावरून शोधा. तुमच्या भावाच्या बाबतीत एक खास अडचण आहे. आपली जमीन काळी, भेगा पडणारी, व्हर्टिसॉल. जपानमधली कोरडवाहू जमीन बरीचशी ज्वालामुखीच्या राखेची, अँडोसॉल. त्यामुळे "मला विदर्भाच्या काळ्या मातीवर काम करायचंय" असं लिहिलं तर बऱ्याच प्रयोगशाळा गप्प बसतील. भारत, आग्नेय आशिया किंवा आफ्रिकेतल्या मातीवर ज्यांचे शोधनिबंध आहेत, त्यांनाच लिहा. टोकियो विद्यापीठाच्या कृषी विभागात इंग्रजीतला आंतरराष्ट्रीय कृषी विकासाचा कार्यक्रम आहे, आयपॅड्स म्हणतात. फुचूला टोकियो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. त्सुकुबा विद्यापीठही पाहा. अकिहाबाराहून त्सुकुबा एक्स्प्रेसनं पाऊण तास, आणि घरभाडं टोकियोपेक्षा बरंच कमी.

मेल छोटा ठेवा. विषयाच्या ओळीत "रिस्पेक्टेड सर" नको. कोणत्या महिन्याचा प्रवेश, कोणता विषय, कुठला विद्यार्थी, एवढंच. खाली त्यांच्या एका निबंधाबद्दल दोन वाक्यं: काय पटलं आणि त्यातून कोणता प्रश्न पडला. सोबत एकाच पीडीएफमध्ये एक पानी बायोडाटा, ट्रान्सक्रिप्ट आणि दोन पानी संशोधन आराखडा. एका विभागातल्या पाच जणांना एकदम पाठवू नका, ते एकमेकांच्या शेजारच्या खोलीत बसतात. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढचं नाव.

प्राध्यापक कधी कधी म्हणतात, आधी "केन्क्यूसेई" म्हणून या. म्हणजे पदवी न मिळणारा संशोधक विद्यार्थी. राष्ट्रीय विद्यापीठांत त्याची वर्षाची फी ३,५६,४०० येन आणि प्रवेश शुल्क ८४,६०० येन. जपानी शिकायला आणि प्रवेश परीक्षेला वेळ मिळतो, पण राहण्याचा खर्च सहा महिने ते वर्षभर वाढतो. पैसा तंग असेल तर थेट मास्टर्सच मागा.

शिष्यवृत्तीत पहिलं नाव मेक्स्ट, जपान सरकारची. मास्टर्सला महिना १,४४,००० येन, फी माफ, जाण्यायेण्याचं विमान. वय ३५ च्या आत. दूतावासामार्फतचे अर्ज साधारण एप्रिल-मे मध्ये, मग लेखी परीक्षा, मुलाखत. निवड झाली तर पुढच्या वर्षी रवानगी. दुसरा रस्ता विद्यापीठाच्या शिफारशीचा, पण एकाच वर्षी दोन्हीकडून अर्ज चालत नाही. लेखी परीक्षेत जपानीचाही पेपर असतो. येत नसलं तरी बसायचं, कोरा सोडायचा नाही. अर्जाला एक रुपयाही फी नाही.

दर्यापूरवाला

पैशाचं मी मांडतो. १०० येन म्हणजे ५८ रुपये धरले आहेत, भाव रोज हलतो.

राष्ट्रीय विद्यापीठाची प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० येन, म्हणजे ३.१ लाख रुपये. विद्यापीठाला ती वाढवता येते; टोकियोतल्या काहींनी २० टक्क्यांपर्यंत, ६,४२,९६० पर्यंत, वाढवलीसुद्धा आहे, म्हणून त्या-त्या विभागाचं पान उघडून पाहा. प्रवेश शुल्क २,८२,००० येन एकदाच, परीक्षा शुल्क ३०,०००. राहणं-खाणं महिना एक लाख येन धरा. पहिल्या वर्षाचे झाले साडेवीस लाख येन, म्हणजे जवळपास बारा लाख रुपये. दोन वर्षांचे प्रमाण फीनं बावीस लाख. एजंटचे सोळा कुठून आले ते त्यालाच विचारा. बहुतेक पार्टटाइमची कमाई आधीच वजा केली असणार.

त्या कमाईचं खरं गणित असं. विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करता येतं, परवानगी विमानतळावर उतरतानाच मागता येते. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन. पण मातीचे नमुने वाळवणारा पोरगा २८ तास करूच शकत नाही. १५ धरा, महिन्याला पाऊण लाख येनच्या वर जातात. तेही जपानी बोलता आलं तर. पहिले चार-सहा महिने शून्य धरा. आणि २८ च्या वर एक तासही नको, मुदतवाढीच्या वेळी कर कार्यालयाच्या दाखल्यावरून उघडं पडतं.

सगळ्यात मोठा खड्डा घराचा. खासगी खोली घेतली की शिकिकिन (अनामत), रेइकिन (घरमालकाला भेट, परत मिळत नाही), दलाली आणि हमी कंपनीचे पैसे मिळून चार-पाच महिन्यांचं भाडं पहिल्याच दिवशी जातं. प्रवेशपत्र आल्याबरोबर वसतिगृहाचा अर्ज टाका. तो फॉर्म वेगळा असतो, मुदतही वेगळी.

फी माफीचा अर्ज मात्र जरूर करा. अर्धी किंवा पूर्ण माफी मिळू शकते, पण ती आल्यावर ठरते; बँकेला दाखवायच्या हिशोबात धरू नका.

बेंबळाकाठ

बाप रे, बावीस लाख. मग कर्जाशिवाय इलाज नाही. घराचा नमुना ८ आहे आणि बाबांचं एक जुनं पीककर्ज २०१९ च्या कर्जमाफीत बंद झालं. त्यानं काही अडतं का?

पासबुक

अडतं, आणि बहुतेकांना मंजुरीच्या टेबलावर गेल्यावर कळतं. क्रमानं घ्या.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय होऊ शकतं. त्याच्या वर बँक तारण मागते. शेतजमीन मात्र बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला घेत नाहीत. कारण साधं आहे: कर्ज बुडालं तर कोर्टाविना तारण जप्त करायची मुभा देणारा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. साडेसात एकर आहे म्हणून मॅनेजर हो म्हणणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. एनए प्लॉट, मुदत ठेव, एलआयसी पॉलिसीची समर्पण किंमत, हे चालतं.

घराचं. नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणी, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघालेली असेल, नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर वारस नोंद आधी. ती पत्रिका घेऊन बँकेत गेलात तर निदान बोलणं सुरू होईल. गावातल्या घराचं मूल्यांकन कमी येतं हे धरून चाला.

कर्जमाफीचं. बाबा सहकर्जदार असणार, म्हणजे त्यांचं सिबिल (कर्ज परतफेडीचा अहवाल) निघणार. माफीत बंद झालेलं खातं कधी कधी तिथं "सेटल्ड" किंवा थकीत म्हणून तसंच राहतं. वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो, आजच काढा. नोंद चुकीची असेल तर त्या बँकेचा बेबाकी दाखला घेऊन दुरुस्तीची तक्रार टाका; तिला दीडेक महिना धरा. चालू पीककर्जाचं नूतनीकरण वेळेवर झालं आहे ना, तेही बघा.

चार लाखांच्या वरच्या परदेशी कर्जात १५ टक्के रक्कम तुमची लागते. बावीसचा खर्च म्हटला तर सव्वातीन लाखांच्या वर घरून. कापूस विकून झाल्यावरच हे गणित मांडा, नाहीतर जूनमध्ये बियाणं-खताला हात लागतो. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला तर शाखेनं काय उत्तर दिलं याची नोंद राहते. तोंडी "होत नाही" ऐकून परत येऊ नका. हप्ते शिक्षण संपून एक वर्षानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. बँकेच्या कर्जातून गेलेल्या पैशावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) लागत नाही, आणि स्वतःचे असतील तर वर्षाला १० लाखांपर्यंत नाही.

ओबीसी असल्यानं दोन दारं उघडी आहेत. राज्य ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना परदेशी शिक्षणाला २० लाखांपर्यंतच्या कर्जाला लागू होते. परतावा म्हणजे आधी तुम्ही भरायचं आणि मग मिळायचं. हप्ता चुकला की तेही नाही. दुसरं दार राज्याच्या परदेशी शिष्यवृत्तीचं. तिथं विद्यापीठ क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं. टोकियो विद्यापीठ त्यात बसतं, फुचूचं बसत नाही, त्सुकुबाही नाही. तेव्हा वर अकोटफाईल म्हणतात की प्रयोगशाळा पाहून ठरवा, ते अभ्यासाच्या दृष्टीनं बरोबर. पण पैसा नसलेल्या घरानं यादी करताना ही क्रमवारी शेजारी ठेवूनच मेल पाठवावेत.

अकोटफाईल

मान्य. फक्त एवढंच की प्राध्यापकाला क्रमवारीचा वास आला की तो उत्तर देत नाही. यादी घरी करा, मेलमध्ये नको.

वरुडची_संत्री

कर्ज झालं तरी सीओई राहतंच, म्हणजे जपानच्या इमिग्रेशनचं पात्रता प्रमाणपत्र. अर्ज विद्यापीठ तुमच्या वतीनं करतं, एक ते तीन महिने लागतात, निघाल्यापासून तीन महिने चालतं. ते हातात आल्यावर व्हिसाचा अर्ज. महाराष्ट्र मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे येतो.

यात खर्च कोण करणार आणि तो पैसा आला कुठून, दोन्ही दाखवावं लागतं. इथंच गावच्या घरांचं गाडं अडतं. अर्जाच्या आठवड्यात मामांनी, काकांनी खात्यात पाच-पाच लाख टाकले तर पासबुकात ते लखलखीत दिसतं. त्यापेक्षा हे जमवा: तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्न दाखला, सातबारा आणि आठ-अ, सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळ) किंवा बाजार समितीत विकलेल्या मालाच्या पट्ट्या आणि त्याच रकमा खात्यात आल्याच्या नोंदी. पट्टीवरची तारीख आणि पासबुकातली तारीख जुळली पाहिजे. रोखीनं व्यापाऱ्याला दिलेला माल इथं कामाचा नाही, म्हणून या हंगामापासून पैसे खात्यातच घ्या. कर्जमंजुरीचं पत्र असेल तर अर्धं काम तिथंच होतं.

रिटर्नही भरायला लागा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दाखवायला बंदी नाही. ५,००० च्या वर शेती उत्पन्न असलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. सेतू केंद्रातला पोरगा सवयीनं १ भरून देतो. मराठी दाखल्यांना जपानी भाषांतर जोडायचं असतं. काही विद्यापीठं इंग्रजीवर चालवून घेतात, आधी विचारा.

बेंबळाकाठ

एक शेवटचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. बाबांचं नाव एका ठिकाणी गुलाबराव, दुसरीकडे नुसतं गुलाब.

वरुडची_संत्री

आडनावाचा क्रम चालतो, महाराष्ट्र बोर्डाचं सगळ्यांचंच तसं असतं. फक्त प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच लिहा, एकदा वडिलांचं नाव मध्ये घालून आणि एकदा न घालता असं करू नका. बाबांच्या "राव"साठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून ठेवा. सातबारा, पासबुक आणि आधार तिन्हींवर वेगळं असेल तर आधी पासबुक आधारप्रमाणे करून घ्या. भावाच्या स्वतःच्या नावात स्पेलिंगचा फरक असेल तर मात्र प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. गुणपत्रिका बोर्डाकडून दुरुस्त होते का ते पाहा, नाहीतर राजपत्रात नाव प्रसिद्ध करा, आणि ट्रान्सक्रिप्टचा अर्ज त्यानंतरच टाका. आधी टाकला तर तेच चुकलेलं स्पेलिंग सीलबंद होऊन टोकियोला जाईल.