मॅटर्निटी लीव्ह 8 फेब्रुवारीला संपतेय. राजीनामा द्यायचा तर कधी द्यायचा?

खारेगावची

नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते, कारण लेक झोपलीये आणि ती उठली की माझं टायपिंग संपलं.

मी कळव्याला खारेगावात राहते. ऐरोलीच्या एका आयटी पार्कमधल्या कंपनीत बॅक ऑफिसला आहे, 12 एप्रिल 2021 पासून. लेक ऑगस्टमध्ये झाली. 26 आठवड्यांची सुट्टी संपून 9 फेब्रुवारीला हजर व्हायचंय. हातात पगार 41,000. नवऱ्याचा 68,000, त्यातले 36,500 फ्लॅटच्या हप्त्याला जातात.

शिफ्ट साडेदहा ते साडेसात. ऐरोलीत पाहिलेलं पाळणाघर महिन्याला 11,000 सांगतंय आणि सात वाजता बंद होतं. पुढे अर्ध्या तासाचे 100 रुपये वेगळे. खारेगावातलं स्वस्त आहे, पण तिथे टीव्ही चालू, पाच मुलं ओळीने बसलेली आणि बघायला एकच मावशी. मी उभ्या उभ्या परत आले. परत येताना शेअर रिक्षा विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकली की अर्धा तास गेला, पावसाळ्यात तिथे पाणी भरलं की विचारूच नका. सासूबाई कोरेगावला, शेती आणि दोन म्हशी सोडून त्या येणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांनी का यावं?

त्यामुळे सोडायचा विचार पक्का होत चाललाय. पण घरात जो तो काहीतरी सांगतोय. चुलतसासूबाई म्हणतात, "सरकार देतंय ना आता बायकांना, लाडकी बहीण भर." नणंद जर्मनीत म्युनिकला असते, ती म्हणते मी पण वर्षभर घरी होते, काही बिघडलं नाही. तिला तिथे एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल सांभाळायला घरी राहिल्याचा सरकारी भत्ता, मिळत होतं, हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 65 टक्के, वर 1800 युरोची मर्यादा. शिवाय किंडरगेल्ड म्हणून मुलामागे महिन्याला, 2025 मध्ये, 255 युरो. तिचं बरोबरच आहे, पण तिचं बिघडलं नाही ते का नाही बिघडलं ते पण बघायला नको का!

आणि मुख्य म्हणजे एचआरने फोनवर सांगितलं, "जॉइन झाल्यावर सहा महिन्यांच्या आत सोडलंस तर लीव्हचा पगार परत भरावा लागेल." हे खरं आहे का? असेल तर माझ्याकडून वसूल करायला काही शिल्लकच नाहीये. आणि मी सोडलं तर मला नक्की काय काय मिळतं आणि काय जातं? एकदा कोणीतरी नीट सांगा.

वाशी_पेरोल

बारा-तेरा वर्षं पेरोलचंच काम करतेय, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी लीव्हच्या पगाराचं. बाळंतपणाच्या रजेचा पगार हा कायद्याने दिलेला हक्क आहे, कंपनीने दिलेलं कर्ज नाही. 1961 च्या कायद्यातही "नंतर सोडलं तर परत घ्या" असं कलम नव्हतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नाही. 26 आठवडे तेच, आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस कामाची अट तीच. फोनवर वाद घालू नकोस. ईमेलवर विचार, "हे कोणत्या नियमानुसार आहे ते लेखी कळवा." लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो. नाहीच ऐकलं तर ठाण्यात कामगार उपायुक्तांचं कार्यालय आहे. नोटीस पिरियड न भरल्याची कपात मात्र वेगळी गोष्ट, ती तुझ्या नेमणूकपत्रात असेल तशी लागू होईल. एचआरवाले या दोन्हींची मुद्दाम खिचडी करतात.

आता तारीख बघ. ग्रॅच्युइटी, म्हणजे सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, पाच वर्षं पूर्ण झाली की मिळते. 12 एप्रिल 2021 ला लागलीस, म्हणजे 11 एप्रिल 2026 ला पाच वर्षं पूर्ण होतात. बाळंतपणाची रजा सलग सेवेत धरली जाते, त्यामुळे तुझी पाच वर्षं तुटलेली नाहीत. ग्रॅच्युइटीचं गणित शेवटचा बेसिक (मूळ पगार) गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. बेसिक 22,000 धरला तर 63,461 रुपये. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरतात, म्हणजे आकडा याहून मोठाही निघू शकतो. 9 तारखेला हजर होऊन 10 ला राजीनामा दिलास आणि नोटीस 60 दिवसांची असली, तर शेवटचा दिवस 11 एप्रिलच्या आसपास पडतो. वाटतं जमलं. पण कंपनीने नोटीस माफ करून मार्चमध्येच मोकळं केलं तर हात हलवत घरी जायची वेळ येऊ शकते. म्हणून सोडायचंच असेल तर राजीनामाच एप्रिलच्या मध्यानंतर दे.

पीएफचंही तसंच. पाच वर्षांच्या आत काढलास तर टॅक्स लागतो. नंतरही काढू नकोस, पडून राहिला तरी व्याज मिळतं, आणि पुढे नोकरी धरलीस की त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम नंबरवर) चालू होतो. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी 10 वर्षं सेवा लागते, त्यात तुझं नाव असेल तर निम्मी झालीये, ती अशी वाया घालवू नको.

जाणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मेडिक्लेम. तुझ्या ग्रुप पॉलिसीतून तू आणि बाळ शेवटच्या दिवशी बाहेर. नवऱ्याच्या पॉलिसीत मध्येच नाव घालता येतं का ते आजच विचारून ठेव. बऱ्याच ठिकाणी फक्त नवीन लग्न आणि नवीन बाळ यांनाच मध्ये घेतात, बाकीच्यांना रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं. मधल्या तीन-चार महिन्यांत बाळाला ॲडमिट करायची वेळ आली तर 63,000 ची ग्रॅच्युइटी एका बिलात जाईल.

आणि सरकारी योजना: लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. तुमचं कुठल्या कुठे गेलं. असतं तरी महिन्याला 1500. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 आहेत, पण ज्यांना कायद्याने पगारी रजा मिळते त्यांना नाहीत. मुलींसाठीची लेक लाडकी योजना फक्त पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला. तुमच्यासारख्या घराला दरमहा हातात पैसे देणारी योजना इथे नाहीच. आपल्याकडे जो फायदा आहे तो नोकरीला चिकटलेला आहे. नोकरी सुटली की तोही सुटतो. म्हणून सुटण्याआधी तो पुरता ओढून घ्यायचा, एवढंच.

रबाळे_लाईन_२

माझं ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) होतं, पगार 21,000 च्या आत म्हणून. 26 आठवड्यांचे पैसे ईएसआयसीने दिले, मालकाला खिशातून द्यावे लागले नाहीत, म्हणून परत मागायचा प्रश्नच आला नाही. सोडल्यावरही वाशीच्या हॉस्पिटलात बाळाची लस आणि दवाखाना बेनिफिट पिरियड (आधी कापलेल्या हप्त्यांवर हक्क चालतो तो काळ) संपेपर्यंत चालला. तुझा पगार जास्त, तुला हे लागू नाही, पण कोणी वाचत असेल तर कामाला येईल.

घणसोली_सेक्टर_९

मी सोडली. मुलगा सात महिन्यांचा होता. आता तो बालवाडीत आहे आणि मी नुकती परत लागलेय, आधीच्यापेक्षा कमी पगारावर. इंटरव्ह्यूत "गॅप का?" विचारलं. मी म्हटलं, मूल झालं. समोरचा कागदाकडे बघत बसला. असो.

वरच्या ताईंनी कायद्याचं सांगितलं, मी घरातलं सांगते. सोडायच्या आधी नवऱ्याशी एक गोष्ट ठरव. आमच्याकडे दर 1 तारखेला 8,000 माझ्या खात्यात येतात, मागायचे नाहीत, हिशोब द्यायचा नाही. पहिले दोन महिने हे नव्हतं. तेव्हा मेडिकलमधून माझं काही घेतलं तरी त्याच्या फोनवर मेसेज वाजायचा, आणि तो बिचारा काही बोलायचा नाही, पण मला ते वाजणंच नको झालं होतं. "घरखर्चाला देईन की लागेल तसं" यावर अजिबात राहू नकोस, कितीही चांगला असला तरी.

आणि ऑफिसला पाळणाघराचं विचारलंस का? 50 किंवा जास्त माणसं असतील तर क्रेशची सोय द्यावी लागते. बायकाच 50 हव्यात असं नाही, सगळे मिळून. आमच्याकडे "आई झालेली तू एकटीच आहेस" म्हणून उडवून लावलं होतं, आणि तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

पाचपाखाडी_आजी

मी 64 वर्षांची, शाळेतून निवृत्त. माझ्या वेळी बाळंतपणाची रजा तीन महिने होती आणि परत रुजू झाले तेव्हा ब्लाउज भिजायचे, वर्गात पदर घेऊन शिकवायचे. त्यामानाने 26 आठवडे खूपच. पण तेव्हा चाळीत शेजारीण होती, आता तुमच्याकडे वॉचमन आहे.

मी नातीला सांभाळते. सून नोकरी करते. पण आम्ही आधी बसून ठरवलं. सकाळी 9 ते संध्याकाळी 6:30. मालिश आणि अंघोळीला बाई, तिचे पैसे मुलगा देतो. गुरुवारी मी मठात जाते, त्या दिवशी त्यांनी आपलं बघायचं. मे महिन्यात पंधरा दिवस मी माहेरी नाशिकला. पहिल्यांदा सुनेला हे ऐकून राग आला असावा, तोंडावर दिसलं. आता तीच मैत्रिणींना सांगते की आमच्याकडे ठरलेलं आहे म्हणून भांडण नाही.

तुझ्या सासूबाईंना यायचं नसेल तर त्यांना वाईट समजू नकोस, ते तू समजत नाहीस हे वाचून बरं वाटलं. पण दोन-अडीच महिन्यांपुरतं आईला विचार. कायमचं ये म्हटलं की म्हातारी माणसं बिचकतात. "एप्रिलपर्यंत ये" म्हटलं की पिशवी भरायला घेतात.

वाशी_पेरोल

आजी, 100 टक्के.

आणि खारेगावची, एक राहिलं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते, रोजच्या विश्रांतीच्या वेळेव्यतिरिक्त. आणि क्रेश असेल तर दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करायचीही तरतूद आहे, पण ती दोघांच्या संमतीने. म्हणजे मागायला हवं. तारखेसह माग, "31 मेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस घरून." नुसतं "घरून जमेल का" विचारलंस तर नाहीच म्हणणार.

खारेगावची

सगळ्यांना खूप आभार. लेक उठली, खाऊन परत झोपली, मग आज बसले.

ईमेल केला. पगारवसुली कोणत्या नियमाने, हे विचारलं. दोन दिवसांनी एक ओळ आली: "आमच्याकडून तपासून कळवतो." नेमणूकपत्र काढून पुन्हा पुन्हा वाचलं, त्यात वसुलीचं काहीही नाही. नोटीस 60 दिवस आहे, ते खरं.

आमच्या मजल्यावरच 50 च्या वर माणसं आहेत, म्हणून त्याच मेलच्या खाली क्रेशचंही विचारून टाकलं. त्याला अजून काही उत्तर नाही. आठवड्यातून तीन दिवस घरून काम, 31 मेपर्यंत, हे मॅनेजरला वेगळं पाठवलं. तो म्हणाला दोन दिवस बघतो. दोन तर दोन.

नवऱ्याच्या कंपनीत मेडिक्लेमचं रिन्यूअल 1 जुलैला आहे. म्हणजे सोडलं तरी जूनअखेरपर्यंत माझं कव्हर चालू राहायला हवं. राजीनामा एप्रिलच्या शेवटी दिला तर 60 दिवस जूनअखेरीलाच संपतात. हे नवऱ्याला कॅलेंडरवर दाखवलं तर तो म्हणाला, "तू बॅक ऑफिसला कशी काय, तुला तर एचआरला घ्यायला हवं." 8,000 चं पण बोलले. थोडा हिरमुसला, मग स्वतःच बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावतो म्हणाला, म्हणजे दर महिन्याला आपोआप जातील. बघू, 1 तारखेला कळेल.

आईला कराडला फोन केला, आजींच्या शब्दांत. "एप्रिलअखेरपर्यंत ये." तिने विचारलं, गॅस कोणत्या कंपनीचा आहे तुमचा, शेगडीला लायटर लागतो का. म्हणजे येतेय. चुलतसासूबाईंना अडीच लाखांचं सांगितलं, त्यांना पटलेलं नाही.

सोडणार की नाही ते आत्ता ठरवत नाहीये. मेनंतर कसं जमतंय त्यावर. तोवर एक मदत हवीये: ऐरोलीत सेक्टर 8 किंवा स्टेशनच्या बाजूला रात्री आठपर्यंत चालणारं पाळणाघर कोणाला माहीत आहे का? महिन्याला किती घेतात आणि एका मावशीमागे किती मुलं असतात तेवढं इथे लिहा, नंबर मात्र मेसेजमध्ये पाठवा.