शुरिकेन शिकताना आधी सळई की चांदणी?

टोकदार:
शुरिकेन, म्हणजे हाताने मारायचं छोटं जपानी पातं, शिकणाऱ्या नवख्याने चांदणीपासून, म्हणजे हिरा-शुरिकेनपासून (जपानीत 'हिरा' म्हणजे चपटं) सुरुवात करावी, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो साफ अमान्य आहे. चार-आठ टोकांपैकी एखादं रुततंच, मग हात कुठे चुकला ते कळणार कसं? बो-शुरिकेन, म्हणजे सळई, काही लपवत नाही. जिकिदा-हो या सरळ माऱ्याच्या पद्धतीत तिचं मागचं टोक तळव्यात, पुढचं बोटांच्या दिशेला, अंगठा वरून हलका. हात वर नेला की टोक आभाळाकडे. हात खाली येताना सळई बोटांवरून घसरत सुटली पाहिजे. लक्ष्यापर्यंत ती जेमतेम पाव फेरा घेते. मनगट झटकलं की फेरा वाढतो आणि टोक खाली झुकतं. सुरुवात 2 मीटरवरून करा.

चौकोनी:
चांदणी सोपी हाच गैरसमज आहे. ती उभ्या पातळीत फिरत जायला हवी. पत्ते वाटल्यासारखी आडवी भिरकावली तर डगमगते आणि चपटी आपटते. आपल्याकडे तिला सरसकट 'चक्र' म्हणतात, तेही चूक: चक्राची कड कापते, हिचं टोक घुसतं. नवख्याला आधी खांदा, पाऊल आणि अंतर बसवू द्या. बोटांची घसरण ही वर्षानुवर्षांची साधना, ती पहिल्याच दिवशी का लादायची?

मधलंबोट:
'सळई' ही एकच वस्तू नाही, हे दोघेही विसरताय. 19व्या शतकात जपानमधल्या आन्नाका संस्थानातल्या नेगिशी नोबुनोरींच्या नेगिशी-र्यूचं ('र्यू' म्हणजे घराणं) पातं पुढे जड असतं, शेपटाला केस किंवा दोरा गुंडाळलेला. त्यामुळे ते हवेत कमी वळतं. शिराई-र्यूची सळई सडपातळ, तिथे सगळी भिस्त हातावर. नवख्याला नेगिशी धाटणीचं द्या, निम्मा वाद मिटेल. टोक वर राहून आपटत असेल तर फेरा अपुरा, अर्धं पाऊल मागे. टोक खाली असेल तर अर्धं पाऊल पुढे.

टोकदार:
पावलाचा हिशेब मान्य. पण चौकोनी, जपानीत शुरिकेनसाठी 'उत्सु' म्हणतात, म्हणजे मारणं, फेकणं नव्हे. हात तलवारीच्या वारासारखा वरून उतरतो. चांदणीने ती सवय लागत नाही.

चौकोनी:
लागते, उभी मारली तर. आणि दोन्हीसाठी एक गोष्ट: प्लायवूडवर मारू नका, पातं उसळून तोंडावर येतं. तातामीची जाड चटई उभी करा, बघणाऱ्यांना मारणाऱ्याच्या मागे थांबवा.