जुना जर्मन हातबॉम्ब घरात ठेवावा का?

फ्रँकफुर्टकर
गेल्या शनिवारी इथल्या जुन्या बाजारात दांड्याचा जर्मन हातबॉम्ब घेतला. डोक्याला, म्हणजे दांड्यावरच्या स्फोटकाच्या डब्याला, भोक पाडून पूर्ण रिकामा केलेला. बायकोला तो घरात नको आहे. एका मित्राने विचारलं, माणसं मारायची वस्तू शोकेसमध्ये कशाला? माझं मत स्पष्ट आहे: ठेवावी, पण वाचता येत असेल तर.

वाचता येणं म्हणजे काय? पहिल्या महायुद्धातल्या बॉम्बच्या डोक्याला पट्ट्यात अडकवायचा लोखंडी आकडा असे. १९२४ च्या नमुन्याला तो नाही. त्याच्या पोकळ दांड्याच्या बुडाला फिरकीचं टोपण, आत बॉम्ब पेटवायला ओढायची दोरी, दोरीच्या टोकाला चिनी मातीचा मणी. डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत 'फोर गेब्राउख श्प्रेंगकाप्सेल आइनझेत्सेन', म्हणजे 'वापरण्यापूर्वी डेटोनेटर बसवा'. विशीतल्या घाबरलेल्या पोरासाठी लिहिलेली ही सूचना आहे. १९४३ च्या नमुन्यात दांडा भरीव झाला आणि ओढायची कळ वर डोक्यावर गेली. पुस्तकात हे दहा वेळा वाचलं होतं, पण दांडा हातात घेतल्यावरच कळलं.

घाटवाटा
तुमची तळमळ कळते, तरी मला हे पटत नाही. मी व्हर्दूनला, फ्रान्समधल्या पहिल्या महायुद्धाच्या रणांगणावर, दोनदा गेलो आहे. दुओमाँच्या अस्थिगृहात सुमारे १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांची हाडं आहेत. जवळच्या किल्ल्यात ८ मे १९१६ ला आगीने हातबॉम्ब आणि ज्वालाफेकीचं इंधन पेटलं. तिथे ६७९ जर्मन सैनिक एका भिंतीमागे पुरलेले आहेत. स्वतःच्याच साठ्याने मेलेले. त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर शोकेस हा शब्दच मला बोचतो.

आणि हा माल येतो कुठून? फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर घेऊन ऐतिहासिक वस्तू शोधता येत नाहीत, तरी रात्री जंगलात खणणारे आहेतच. बेल्जियममध्ये ईप्र इथे २०१४ साली पहिल्या महायुद्धातला तोफगोळा फुटून दोन बांधकाम कामगार गेले. विकत घेणारा असतो म्हणून खणणारा असतो.

फ्रँकफुर्टकर
घाटवाटा, खणून काढलेला माल मीही घेणार नाही. म्हणून तर ओळख पटवणं महत्त्वाचं. शंभर वर्षं चिखलात राहिलेल्या बॉम्बचा दांडा कुजून जातो, राहतं ते गंजलेलं डोकं. माझ्याकडच्या नगाचा दांडा शाबूत आहे, रंग आहे, अक्षरं आहेत. तो कुणाच्या तरी माळ्यावरून आला आहे.

मोडीवाचक
इथे थोडं थांबा. दांडा शाबूत आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. खणलेल्या डोक्याला नवा दांडा बसवून, वर जाड रंग चढवून, अक्षरं स्टेन्सिलने उमटवून विकणं नेहमीचं आहे. डोकं टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा. रंगाखाली बारीक खड्डे दिसले तर पत्रा जमिनीत होता. दांड्यावरचा शिक्का लाकडात दाबलेला आहे की नुसता जाळून काढलेला, तेही पाहा. एक कळकळीची विनंती: हे सगळं फक्त रिकाम्या नगासाठी. शेतात, तळघरात काही सापडलं तर हात न लावता ११० ला, म्हणजे इथल्या जर्मन पोलिसांना, फोन करायचा. लोखंड गंजतं म्हणून आतलं मरतं असं नाही.

सातारी
दोघांचंही ऐकलं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे मी हे वेगळ्या बाजूने बघतो. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, तिबर नदीच्या खोऱ्यात, हाताखालचे सगळे पडल्यावर एकटे जर्मन मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकला, मग बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि तिथेच गोळी लागून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत आपल्या माणसांवर जे बॉम्ब पडले ते याच घराण्यातले. फ्रँकफुर्टकर, ठेवायचाच असेल तर शेजारी चिठ्ठी ठेवा की हा कुणावर फेकला जायचा. नुसता नमुना क्रमांक लिहू नका.

घाटवाटा
सातारी, चिठ्ठीचं पटलं. पण ती चिठ्ठी संग्रहालयात हजारजण वाचतील, घरी चारजण.

फ्रँकफुर्टकर
मोडीवाचक, काल रात्री टॉर्च लावून पाहिलं. डोक्याच्या खालच्या कडेला रंगाखाली खड्डे आहेत, बरेच. दांड्यावरचा शिक्का जाळलेला आहे. ज्याला मी माळ्यावरचा समजत होतो तो जमिनीतून आलेला आहे. घाटवाटा, या नगाबद्दल तुम्ही बरोबर होता. शनिवारी विक्रेत्याकडे जाऊन हा कुठून आला ते विचारणार आहे. तोवर तो शोकेसमधून काढून ठेवला आहे.